बस येणार आहे की नाही, एवढं तरी कळू दे

उभी_प्रवासी

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, धागा लांबणार आहे.

आई ७१ वर्षांची आहे. वर्षभरापूर्वीपर्यंत सगळीकडे बसने एकटी जायची, पास होता, ठरलेली खिडकी होती, सगळं होतं. मग हळूहळू जायची बंद झाली. आम्ही आपलं गृहीत धरलं की गुडघे दुखत असतील, वय झालं. परवा सहज विचारलं तर म्हणाली, "गुडघे नाही गं. बस येईल की नाही तेच कळत नाही, आली तर थांबत नाही, आणि थांबली तरी मी चढेपर्यंत थांबत नाही." दोन महिन्यांपूर्वी तिचा एक पाय आत आणि एक रस्त्यावर असताना गाडी हलली होती, हे तिने घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. दांडा धरला म्हणून वाचली.

आता मुद्दा. पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या प्रवाशांची वाहतूकवाल्यांसोबत बैठक आहे आणि लेखी मागण्या द्यायच्यात. कच्ची यादी केली तर २३ मुद्दे झाले, शेड पाहिजे, दिवे पाहिजेत, कॅमेरे, रॅम्प, नवीन गाड्या, अ‍ॅप, तक्रारवही... अशी यादी दिली की पुढे काय होतं ते सगळ्यांना माहितीये, "नोंद घेतली आहे" एवढं एक वाक्य मिळतं. म्हणून विचारतेय, मोजून दोन-तीनच गोष्टी मागायच्या असतील तर कुठल्या? आणि का? खरंच रोज प्रवास करणाऱ्यांनी लिहा प्लीज.

चौथी_सीट

गाड्या वाढवा. विषय संपला.

दिवाभीत

सरळ दुचाकी घ्या, बसच्या भरवशावर राहणाऱ्यांचं कधी भलं झालंय का.

उभी_प्रवासी

@दिवाभीत, आई ७१ वर्षांची आहे असं पहिल्याच ओळीत लिहिलंय हो.

निवृत्त_टाइमकीपर

ताई, तीस वर्षं या खात्यात काढली, त्यातली बरीचशी कंट्रोल केबिनमध्ये, म्हणून थोडं बोलतो. कुठल्या गावचं ते सांगत नाही, सगळीकडे सारखंच आहे.

चौथी सीट म्हणतात तसं गाड्या वाढवून भागलं असतं तर बरं झालं असतं. मी दर बारा मिनिटांनी गाडी असलेल्या रूटवर गाड्या वाढवून आठ मिनिटांवर आणलेलं पाहिलंय आणि स्टॉपवरची शिवीगाळ तेवढीच राहिलेली पण पाहिलीये. कारण गाड्या डेपोतून आठ-आठ मिनिटांनी सुटतात पण तुमच्या स्टॉपवर येईपर्यंत त्यांची जोडी झालेली असते. ते होतं कसं बघा. एक गाडी सिग्नलला दोन मिनिटं अडकली. पुढच्या स्टॉपवर तोवर चार माणसं जास्त जमली, त्यांना चढायला वेळ, म्हणजे ती अजून मागे, त्याच्या पुढच्या स्टॉपवर अजून माणसं. आणि तिच्या मागची गाडी? तिला स्टॉपवर माणसंच मिळत नाहीत, सगळी पुढची उचलून गेली, ती पळत येते आणि चिकटते. मग तुम्ही म्हणता अर्धा तास काही नाही आणि आता तीन एकदम, ड्रायव्हर लोक गप्पा मारत बसले होते का. नाही हो. ड्रायव्हरची चूक नसतानाही हे होणारच, कुणी मधे पडून अडवलं नाही तर. १९६४ साली न्यूएल आणि पॉट्स नावाच्या दोघांनी हे गणिताने मांडून ठेवलंय, साठ वर्षं झाली.

उपाय जुनाच आहे. रूटच्या मध्ये एका स्टॉपवर माणूस उभा करायचा आणि मागून चिकटलेल्या गाडीला दोन-तीन मिनिटं धरून ठेवायचं. आतले प्रवासी बोंब मारतात, त्यांना वाटतं उगाच थांबवली. पण पुढच्या सगळ्या स्टॉपवरच्यांचं भलं होतं. आम्ही हे करायचो, मग केबिन बंद झाल्या, माणसं कमी केली, आता म्हणे सगळं स्क्रीनवर दिसतं. दिसतं खरं पण गाडीला थांब म्हणायला कुणी नाही.

गणिती_घुबड

काकांच्या म्हणण्याला आकड्यांचा टेकू देतो. समजा दर दहा मिनिटांनी बस. सारख्या अंतराने आल्या तर कधीही स्टॉपवर गेलं की सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. आता तेवढ्याच बस, पण जोड्यांनी येतात, दोघींत २ मिनिटं आणि मग १८ मिनिटं गॅप. सरासरी अजूनही १० च आहे, ऑफिसच्या रिपोर्टात सगळं छान. पण स्टॉपवर येणारा माणूस मोठ्या गॅपमध्ये सापडण्याची शक्यताच जास्त ना, १८ मिनिटांचा गॅप हा दोन मिनिटांच्या गॅपच्या नऊपट मोठं जाळं आहे. गणित केलं तर सरासरी थांबणं ८.२ मिनिटं येतं. एकही बस कमी न करता थांबणं दीडपटीच्या वर गेलं. आणि दुसरी गंमत, ज्या बसमध्ये तुम्ही चढणार ती बहुतेक वेळा भरलेलीच असणार, मागची रिकामी.

म्हणून "रोज किती फेऱ्या झाल्या" हा आकडा मागू नका. दोन बसमधला गॅप मागा, आणि तोही मधल्या स्टॉपवरचा. डेपोच्या गेटवर सगळे वक्तशीर असतात.

चौथी_सीट

मान्य. शब्द मागे घेतो. पण रद्द झालेल्या फेऱ्यांचं काय? आमच्याकडे जोडीबिडी सोडा, एक फेरी सरळ गायबच असते.

निवृत्त_टाइमकीपर

ते वेगळं दुखणं. फेरी गायब होण्याची कारणं तीनच, ड्रायव्हर आला नाही, गाडी बंद पडली, किंवा आधीची फेरी इतकी उशिरा पोचली की पुढची मारूनच टाकली. तिसरं सगळ्यात जास्त. रूटला ५५ मिनिटं लागतात तिथे कागदावर ४५ धरलेत, तेही दहा वर्षांपूर्वी मोजलेले, आणि शेवटच्या स्टॉपवर सावरायला पाच मिनिटंसुद्धा ठेवलेली नाहीत. मग सकाळी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत तसाच पुढे पुढे सरकत राहतो. वर ड्रायव्हरला उशिराचा मेमो. मग तो काय करणार? हात दाखवणारी दोन माणसं सोडून पळवणार. ताई, तुमच्या आईचा पाय वर येण्याआधी गाडी हलली त्याच्या मागे हे आहे. ड्रायव्हरची बाजू घेत नाहीये, चूक ती चूकच. पण मेमो कशाचा मिळतो त्यावर माणूस वागतो.

उभी_प्रवासी

हे मी कधी असं जोडून बघितलंच नव्हतं. मी सेफ्टी वेगळी आणि टायमिंग वेगळं असं यादीत लिहिलं होतं.

लेकरू_ड्रायव्हरचं

टाइमकीपर काकांना साष्टांग. माझे वडील चालवायचे. घरी आल्यावर पहिले अर्धा तास बोलायचे नाहीत. शेवटच्या स्टॉपवर टॉयलेट नाही, वेळ नाही, म्हणून ड्युटीवर पाणीच कमी प्यायचे, नंतर किडनीचा त्रास झाला. प्रवासी सुविधांच्या यादीत हे कधीच नसतं. पण थकलेला, घाईतला आणि लघवी दाबून बसलेला माणूस बारा टनांची गाडी चालवतोय याचा तुमच्या सेफ्टीशी संबंध नाही असं कुणी म्हणू नये.

बाकी दरवाजाचं सोपं आहे. दार पूर्ण बंद झाल्याशिवाय गाडी हलूच नये अशी जोडणी असते, नव्या गाड्यांत बहुतेक येते. पण दार बिघडलं की डेपोत ती जोडणी काढून टाकतात, कारण नाहीतर गाडी उभी राहील. मग दार दोरीने बांधलेलं. हे विचारा बैठकीत, किती गाड्यांची चालू आहे म्हणून.

चाकांवर

व्हीलचेअर वापरतो, १४ वर्षं झाली. रॅम्पचं लिहितो.

आमच्या रूटवर लो-फ्लोअर गाड्या आहेत. पेपरात फोटो आला होता, एका पाहुण्याला व्हीलचेअरवर बसवून रॅम्पवरून चढवलं होतं. प्रत्यक्षात काय होतं: स्टॉपच्या पुढ्यात खासगी गाड्या लावलेल्या, त्यामुळे बस फुटपाथला चिकटू शकत नाही, रस्त्याच्या मध्ये उभी राहते. मग रॅम्प फुटपाथवर न टेकता खाली रस्त्यावर पडतो आणि उतार एवढा होतो की मागून दोघांनी ढकलल्याशिवाय चढता येत नाही. बांधकामातल्या रॅम्पला साधारण १ ला १२ उतार धरतात म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, इथे एक फुटाला तीन फूट सुद्धा मिळत नाहीत. आणि हे सगळं रॅम्प उघडला तर. "चावी नाही", "जाम झालाय", "मागून दुसरी येतेय तिच्यात बसा" ही उत्तरं मला पाठ आहेत. मागून येणारीचं काय होतं ते वर काकांनी लिहिलंच आहे.

एक उलटी गोष्ट सांगतो जी बऱ्याच इंजिनिअर लोकांना पण पटत नाही. बससाठी फुटपाथ आत कापून खाच करतात ना, बस आत यावी आणि मागची वाहतूक अडू नये म्हणून, त्याने आमचं नुकसान होतं. त्या खाचेत बस तिरकी घुसते, सरळ होतच नाही, मागचं दार लांब राहतं, आणि बाहेर पडायला तिला कुणी जागा देत नाही म्हणून ड्रायव्हर आतच जात नाही. त्यापेक्षा स्टॉपपाशी फुटपाथच बसच्या लेनपर्यंत बाहेर काढला तर बस सरळ येऊन चिकटते, पार्किंगला जागाच उरत नाही. एका कामात वेळ पण वाचतो आणि माझी चाकं पण चढतात.

ब्राझीलमध्ये कुरितिबाला १९७४ पासून बसला स्वतंत्र रस्ता आहे, आणि १९९१ च्या सुमारास त्यांनी काचेच्या नळीसारखे स्टॉप केले, तिकीट आधीच, आतली फरशी आणि बसची फरशी एका पातळीवर. म्हातारा, पोटुशी बाई, बाबागाडी, मी, सगळे एकाच दारातून एकाच वेगाने. उपकार म्हणून वेगळा रॅम्प नाही. मला तेच आवडतं त्यात.

खर्चिक_प्रश्न

सगळं खरं, पण पैसा? एका व्हीलचेअरवाल्यासाठी अख्खा स्टॉप तोडायचा? वाईट वाटून घेऊ नका, मी व्यवहाराचं बोलतोय. आमच्या बसमध्ये मी आजवर एकही व्हीलचेअर पाहिलेली नाही.

चाकांवर

पाहणार कशी? चढता येत नाही म्हणून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून करायचं नाही. अमेरिकेत डेन्व्हरला पण हेच उत्तर मिळायचं. मग जुलै १९७८ मध्ये १९ अपंग माणसं भर चौकात बसच्या पुढे-मागे व्हीलचेअर लावून बसली, काहीजण खुर्चीतून उतरून डांबरावर आडवे झाले, रात्रभर. त्यानंतर तिथे लिफ्टच्या बस यायला लागल्या. अपंगांच्या हक्कांचा देशभराचा कायदा व्हायला १९९० उजाडलं.

आणि एका माणसासाठी नाही हो. धागा ज्यांच्यामुळे निघाला त्या आजींना व्हीलचेअर नाहीये. त्यांना पण पायरी उंचच पडते.

खर्चिक_प्रश्न

ठीक. हा मुद्दा लागला. माघार.

चौथी_सीट

या धाग्यावर माणसं मतं बदलतायत, मॉडरेटर लक्ष द्या, काहीतरी गडबड आहे.

पांढरी_काठी

स्क्रीन रीडरवरून लिहितोय, चुका असतील तर चालवून घ्या.

मला बस येणार की नाही यापेक्षा आलेली कुठली हे कळत नाही. स्टॉपवर तीन रूट. गाडी आली की मी ओरडतो, कुठली आहे? कधी कुणी सांगतं कधी नाही, एकदा एकाने चुकीची सांगितली, भलतीकडे पोचलो, त्याला बिचाऱ्याला पण माहीत नव्हतं. गाडीच्या बाहेरच्या बाजूला एक स्पीकर, दार उघडलं की रूट नंबर आणि शेवटचं ठिकाण बोलणारा, एवढंच पाहिजे. आतली घोषणा बऱ्याच गाड्यांत आहे पण आवाज बंद करून ठेवतात, ड्रायव्हरला दिवसभर तेच तेच ऐकून डोकं दुखतं म्हणून. त्याचं पण खरंय. पण मग मी उतरू कुठे?

पिवळ्या खडबडीत फरशांबद्दल पण सांगतो. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या काढल्या, आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. त्यात भाषा आहे: लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आमच्या इथे कंत्राटदाराने डिझाइन म्हणून बसवल्यात. एका ठिकाणी पट्ट्या मला थेट विजेच्या खांबावर नेतात. दुसऱ्या ठिकाणी सगळे ठिपकेच ठिपके, म्हणजे वीस फूट नुसतं थांब थांब थांब. हे कुणी डोळे मिटून एकदा चालून बघितलं असतं तरी कळलं असतं.

रातपाळी

हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, रात्री साडेदहाला सुटते. सेफ्टी म्हटलं की सगळे कॅमेरे कॅमेरे करतात. कॅमेरा मला झालेलं दाखवेल. मला ते व्हायला नकोय.

मला भीती बसमध्ये कमी आणि स्टॉपवर जास्त वाटते, आणि ती पण मिनिटांप्रमाणे वाढते. पहिली पाच मिनिटं काही वाटत नाही. पंधरा झाली की आजूबाजूचं लक्षात यायला लागतं, कोण दोनदा गेलं समोरून. पंचवीस मिनिटांनी मी फोन कानाला लावून खोटं खोटं बोलायला लागते. शेवटची बस रद्द झाली आणि कुणी सांगितलंच नाही असं या वर्षात चारदा झालं. दिवसाची फेरी रद्द झाली तर उशीर होतो, शेवटची रद्द झाली तर माणूस रस्त्यावर राहतो, या दोन फेऱ्या एका रांगेत धरूच नका. राखीव ड्रायव्हर आणि राखीव गाडी असेल तर ती आधी शेवटच्या फेरीला.

अजून एक, याला पैसाच लागत नाही. कॅनडात टोरांटोला १९९१ पासून आणि माँट्रियलला १९९६ पासून रात्री बायकांना दोन स्टॉपच्या मधे उतरता येतं, ड्रायव्हरला आधी सांगायचं, तो जवळात जवळ सुरक्षित जागी थांबवतो. माझं घर दोन स्टॉपच्या बरोबर मधे आहे, मधला पट्टा सगळा अंधारा. एकदा एका ड्रायव्हरकाकांनी न विचारता थांबवली होती, नियमात बसत नाही म्हणाले, उतर पटकन. अजून लक्षात आहे.

चौथी_सीट

रातपाळी ताई, _/\_

दिवाभीत

अ‍ॅप असतं की आता, घरात बसून बघायचं गाडी कुठे आहे आणि निघायचं. स्टॉपवर कशाला उभं राहायचं?

गणिती_घुबड

अ‍ॅप दोन प्रकारचं असतं. एक वेळापत्रक दाखवतं आणि एक गाडीतल्या जीपीएसवरून खरी जागा दाखवतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या वाहतूक संस्थेने २००५ साली गूगलसोबत वेळापत्रकाची माहिती ठरावीक साच्यात द्यायला सुरुवात केली, तोच साचा मग जगभर पसरला. पण ते मुळात वेळापत्रक आहे. गाडीकडून सिग्नल आला नाही की बरीच अ‍ॅप गुपचूप वेळापत्रकावर जातात आणि तुम्हाला दिसतं "३ मिनिटांत". ३, २, १, आली... आणि गेली पण. रस्त्यावर काहीच नाही. याला भुताची बस म्हणतात आमच्यात. ती नसलेली बरी, कारण माहीत नसतं तर माणूस दुसरा मार्ग बघतो, भुतासाठी तो थांबून राहतो.

म्हणून मागणी अशी करा की रद्द फेरी रद्द म्हणूनच दिसली पाहिजे, आणि स्टॉपवर पण. आईंकडे स्मार्टफोन असेलच असं नाही.

हौशी_धोरणी

सगळं फुकट करून टाका. लक्झेंबर्गने १ मार्च २०२० पासून अख्ख्या देशात केलं, एस्टोनियाची राजधानी टॅलिनने २०१३ पासून शहरातल्या रहिवाशांना. गर्दी वळेल बसकडे.

निवृत्त_टाइमकीपर

फुकट करा, विरोध नाही, गरिबाला फायदाच. पण न येणारी बस फुकट असली काय आणि नसली काय. फुकटाचा एक फायदा मात्र कुणी बोलत नाही, तिकिटासाठी पुढच्या दारात खोळंबा होत नाही. तो फायदा फुकट न करता पण मिळतो. सॅन फ्रान्सिस्कोने २०१२ पासून सगळ्या दारांनी चढायला परवानगी दिली, कार्ड आतल्या मशीनला लावा. स्टॉपवरचा वेळ कमी झाला की जोड्या लागणं पण कमी होतं, सगळं एकमेकात अडकलेलं आहे.

लेकरू_ड्रायव्हरचं

एक राहिलं. बसमधून उतरून बसच्याच पुढून रस्ता ओलांडणारी माणसं. ड्रायव्हरला पुढच्या काचेच्या खांबाआड माणूस दिसत नाही आणि मागून ओव्हरटेक करणाऱ्याला तर बसच दिसते फक्त. स्टॉप चौकाच्या अलीकडे असला की हे जास्त होतं, चौक ओलांडून पलीकडे नेला की लोक आपोआप बसच्या मागून झेब्राकडे जातात. बाबा म्हणायचे आमचे स्टॉप रस्त्यासाठी ठरवत नाहीत, ज्याच्या दुकानापुढे नको त्याची ओळख किती त्यावर ठरतात.

उभी_प्रवासी

सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस वाचतेय. २३ मुद्द्यांची यादी फाडली. आता एवढंच लिहितेय, चुकत असेल तर सांगा.

मधल्या दोन स्टॉपवर दोन बसमधला गॅप रोज मोजायचा आणि दर महिन्याला स्टॉपवरच लावायचा, ड्रायव्हरचा मेमो सुद्धा उशिरावर न देता गॅपवर आणि सोडलेल्या स्टॉपवर, आणि रूटची वेळ नव्याने मोजायची. मग, दार, रॅम्प किंवा बाहेरचा स्पीकर बिघडला असेल तर गाडी ब्रेक बिघडल्यासारखीच धरायची, डेपोबाहेर काढायची नाही. आणि शेवटची फेरी रद्द होणार नाही, झाली तर पर्यायी गाडी, शिवाय रात्री मधे उतरायची परवानगी.

फुटपाथ बाहेर काढायचं रस्ते खात्याकडे आहे म्हणे, ते वेगळं पत्र देतोय, चाकांवर यांचं वर्णन जवळजवळ तसंच टाकलंय, चालेल ना?

चाकांवर

चालेल. फोटो पाठवतो.

निवृत्त_टाइमकीपर

दुसऱ्या मुद्द्याला ते म्हणतील मग निम्म्या गाड्या डेपोतच राहतील. तयार राहा. उत्तर द्या की मग राहू द्या दोन आठवडे, तिसऱ्या आठवड्यात दारं दुरुस्त झालेली असतील. आणि बैठकीला हात हलवत जाऊ नका, स्वतःचे आकडे घेऊन जा. त्यांच्या रिपोर्टाला दुसरा रिपोर्टच लागतो.

उभी_प्रवासी

आकडे आई घेतेय :) मी सांगितल्यावर स्वतःच म्हणाली मला कुठे घाई आहे. काल संध्याकाळी पहिल्यांदा गेली. स्टॉपवर बसायला काही नाही म्हणून घरातून घडीचं स्टूल नेलं. या रूटवर कागदावर दर बारा मिनिटांनी बस आहे. तिच्या वहीतून जसंच्या तसं:

५:०४
५:०५ (रिकामी)
५:४१ (थांबली नाही)
५:४३
६:१०
सव्वासहाला परत आले, पाठ दुखली.

गणिती_घुबड

गॅप १, ३६, २, २७. पहिली बस गेल्यापासून शेवटची येईपर्यंत कधीही कुणी स्टॉपवर आला असता तर सरासरी १५ मिनिटांच्या वर थांबला असता. कागदावर ६. आजींना दंडवत.

निवृत्त_टाइमकीपर

पाच ते सव्वासहात सहा यायला हव्या होत्या, पाच आल्या. एक सुटलीच नाही. ५:४१ ची न थांबलेली गच्च भरलेली असणार, ३६ मिनिटांची माणसं एकटीने उचलत आलेली. आईंना सांगा उद्यापासून वेळेपुढे गाडीचा नंबर पण लिहायचा, मागच्या काचेच्या खाली असतो. नंबर असला की कुठली गाडी, कुठली ड्युटी, सगळं काढता येतं, मग त्यांना टोलवता येत नाही.

उभी_प्रवासी

सांगितलं. चष्मा बदलायला टाकलाय, शुक्रवारी मिळतोय, तोवर स्टॉपवर उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांकडून वाचून घेते म्हणाली.